टाळांक

आंबेझरीच्या कालव्यात दोन मुली बुडाल्याचा फोन आला तेव्हा माया परचाके जिल्ह्याच्या कार्यालयात एका मोटारसायकल अपघाताचा नकाशा तपासत होती. शनिवार होता, सकाळची शाळा. ती तिथे पोचेपर्यंत दीड वाजला. दोन्ही मुलींना तोवर चार किलोमीटर खाली, कालव्याचं पाणी अडवणाऱ्या दरवाजाच्या जाळीपाशी बाहेर काढलं होतं.

स्वरा काळमेघ आंबेझरी गावातली. रोशनी टेकाम कालव्यापलीकडच्या सावरपोडातली. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. तीस-बत्तीस घरं, बांबूच्या कुडाच्या भिंती, मधे शेणाने सारवलेलं मोकळं अंगण. दोघी पाचवीत, एका बाकावर बसणाऱ्या. शाळा सुटली की काठाकाठाने गप्पा मारत यायच्या आणि पुलापाशी एक इकडे वळायची, दुसरी तिकडे. त्या दिवशी पुलाच्या थोडं अलीकडे कोणाचा तरी पाय घसरला. कोणाचा, ते कोणी पाहिलं नाही. रब्बीचं पाणी सोडलेलं होतं, कालवा काठोकाठ भरून वाहत होता.

मायाने कमरेला दोर बांधून घेतला आणि उतारावर स्वतः उतरून पाहिलं. सिमेंटचं अस्तर, त्यावर हिरवं शेवाळ. दोन पावलांत तिचा पाय सुटला. वर ओढून घ्यायला दोन माणसं लागली. वही काढून तिने लिहिलं: 'मोठ्या माणसालाही चढता येत नाही. पन्नास-पन्नास मीटरवर दोर किंवा पायऱ्या असत्या तर दोघीही वाचल्या असत्या.'

जाळीवरचा चौकीदार तिला म्हणाला, "मॅडम, त्या टेकामच्या पोरीच्या मुठीत दुसरीच्या दप्तराचा पट्टा होता. सोडवता सोडवत नव्हता."

तिने तेही लिहून घेतलं.

मायाचा हुद्दा होता 'क्षेत्र पडताळणी अधिकारी'. चार वर्षांपूर्वी नवा कायदा आला होता: अपघाताने, बुडून, भाजून, पडून, साप चावून कोणीही मेलं की तो मृत्यू टाळता आला असता का, हे तपासायचं. तपासणारं यंत्र नागपूरच्या एका संशोधन केंद्रात बसलेलं. त्याचं सरकारी नाव ओळभर लांब होतं. लोक त्याला टाळयंत्र म्हणत आणि ते जो आकडा देई त्याला टाळांक.

गेलेला माणूस परत उभा करून, 'आता हेल्मेट घालून पड बघू' असं त्याला सांगता येत नाही. मग टाळयंत्र त्याची जुळी शोधतं. गेल्या वीस वर्षांतल्या लाखो अपघातांच्या नोंदी त्याच्या पोटात आहेत. त्यांतून ते वय, शरीर, घर, रस्ता, दवाखान्याचं अंतर, सामाजिक गट, असं सगळं जुळणारी हजारभर माणसं निवडतं. त्यांतल्या ज्यांच्यापाशी कुंपण, दोर, गाडी, डॉक्टर असा काही उपाय होता, ती किती जगली ते मोजतं. शंभरातली ऐंशी जगली असतील तर टाळांक ऐंशी. साठच्या वर टाळांक गेला की मृत ज्या वस्तीतला, त्या वस्तीच्या बाजूला नव्वद दिवसांत सुरक्षेचं काम झालंच पाहिजे. त्यात ना मंत्र्याचं चाले, ना कंत्राटदाराचं. साठच्या खाली असेल तर प्रमाणपत्रावर एकच शब्द छापून येई: अटळ.

मायाचा या यंत्रावर जीव होता. तिच्या एकटीच्या नोंदींवरून जिल्ह्यात सात वळणं सरळ झाली होती, एका जिनिंगच्या कारखान्यात आगीचा दरवाजा बसला होता. आणि तिला त्याहून जुनं एक कारण होतं. ती बारा वर्षांची असताना तिचा बाप जंगलात सागाचं लाकूड ट्रकवर चढवताना त्या लाकडाखाली सापडला होता. सहा तास तो सावलीत पडून होता. दवाखान्यात न्यायला ट्रक होता, पण ट्रकवाला माल उतरवायला तयार नव्हता. आई तेव्हा म्हणाली होती, "येळ आली होती त्याची." त्या वाक्याचा मायाला आयुष्यभर संताप आला. वेळ येत नाही, कोणीतरी आणतं, हे सांगणारं पहिलं तोंड तिला या यंत्रात भेटलं होतं.

नवव्या दिवशी दोन्ही आकडे आले.

स्वरा काळमेघ: चौऱ्याऐंशी.

रोशनी टेकाम: तेवीस. अटळ.

मायाने नोंदी पुन्हा उघडल्या. तीच तारीख, तोच कालवा, तेच पाणी. शवविच्छेदनाने वेळही तीच दिली होती. तिला वाटलं, कुठेतरी बोट चुकलं असेल. बोट चुकलं नव्हतं.

प्रमाणपत्र घरी जाऊन द्यावं लागे. ती पोडावर गेली तेव्हा रोशनीची आई भीमबाई अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसली होती. बाप जंगू बाजूला टोपलीचं बूड विणत होता. त्याने उठून बाज टाकली.

"वाचून दाखवा जी," भीमबाई म्हणाली. "मले येत नाई."

मायाने वाचलं. 'अटळ' या शब्दापाशी तिचा आवाज खाली गेला.

"म्हंजे कसं?"

"म्हणजे… यंत्राच्या हिशेबाने ती वाचण्यासारखी नव्हती."

"अन् काळमेघाची?"

मायाला खोटं बोलता आलं नाही. "ती वाचू शकली असती."

भीमबाईने हातातला कोयता खाली ठेवला. रागावली नाही. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. "पानी तं एकच होतं ना जी? का आमच्या पोरीसाठी दुसरं होतं?"

जंगू विणता विणता थांबला. "राहू दे," तो बायकोला म्हणाला. "मॅडमनं नाई लिवलं ते."

दुसऱ्या दिवशी माया नागपूरला गेली. टाळयंत्राचा गाभा ज्यांनी बांधला ते डॉ. विद्याधर पांढरीपांडे तिचे गुरू. आश्रमशाळेतून आलेल्या या मुलीला त्यांनी संख्याशास्त्र शिकवलं होतं, नोकरीच्या मुलाखतीला स्वतःच्या गाडीने सोडलं होतं. त्यांनी दोन्ही नोंदी पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या आणि बराच वेळ पाहत राहिले.

"सर, सामाजिक गटाचा रकाना काढून टाका," माया म्हणाली.

त्यांनी काढला. यंत्र पुन्हा चाललं. तेवीसचे सव्वीस झाले.

"बघ," ते म्हणाले. "रकाना काढून काय होणार? छप्पर, रस्ता, आईचं शिक्षण, घरात जन्माचा दाखला आहे की नाही, या प्रत्येक गोष्टीतून ते पुन्हा तिथेच पोचतं. त्याला जात शिकवावी लागत नाही, माया. ती सगळीकडे सांडलेली आहे."

"पण हा आकडा चूक आहे."

"हीच तर अडचण आहे. चूक नाही." त्यांनी चष्मा काढला. "रोशनीची जुळी काढ. पोडांवरची, पाड्यांवरची, तांड्यांवरची मुलं. त्यांच्याकडे उपाय होते ते किती थोडे! कुंपण होतं तिथे ते तुटलेलं. दोर होता तिथे तो फेकायला शिकवलेला माणूस नव्हता. ओढून बाहेर काढलं तरी दवाखाना दोन तासांवर. मग उपाय असूनही ती मुलं मेलीच. यंत्राला दिसतं ते इतकंच, की अशा माणसांना उपाय लागू पडत नाहीत."

"लागू पडत नाहीत की पोचत नाहीत?"

"यंत्राला त्यातला फरक कळत नाही. जे तिच्यापर्यंत कधी पोचलंच नाही, ते तिला वाचवू शकलं असतं असं ते कसं म्हणणार?"

"आणि म्हणून आता तिथे काही पोचवायचं नाही."

पांढरीपांडे सरांनी चष्मा पुन्हा लावला. त्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, "एक वाट आहे. दोन्ही मृत्यू एकच घटना म्हणून तपासायची विनंती करता येते. दोन्ही घरांची सही लागेल. पण थांब, आधी आकडा पाहू."

यंत्राने चोपन्न दिला. साठला सहा कमी.

माया तरीही आंबेझरीला गेली. काळमेघांच्या घरी स्वराची आई शीतल एकटीच होती. मुलींच्या मैत्रीबद्दल तीच आधी बोलली: रोशनी हिच्या डब्यातली भाकरी खायची, ही तिच्या डब्यातला मध. "बाहेर काढलं तेव्हा आमच्या पोरीचं दप्तर रोशनीच्या हातात होतं, मॅडम. ती हिला धरत होती की ही तिला ओढत होती, कोण सांगणार? मी रोज तेच पाहते डोळ्यांसमोर." तिने सही करायला पेनही हातात घेतलं.

मायाने तिला चोपन्नचा अर्थ सांगितला. सांगायलाच हवा होता.

शीतलने पेन खाली ठेवलं. "म्हणजे आमच्या काठाचंही कुंपण होणार नाही?"

"पक्कं नाही. पण दोन घरांच्या सहीने गेलेल्या प्रकरणाची मोठी सुनावणी होते. दोन्ही आया उभ्या राहिल्या तर…"

"माझं धाकटं तीन वर्षांचं आहे," शीतल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज घट्ट होता. "मी भीमबाईच्या पाया पडेन. खरंच पडेन, मॅडम. पण यावर सही नाही करणार."

महिन्याभरात आंबेझरीच्या बाजूला सहाशे मीटर जाळी उभी राहिली. पिवळ्या रंगाच्या पायऱ्या, दर पन्नास मीटरला दोर, आणि स्वराच्या नावाची छोटी पाटी. गावाची बाजू बंद झाली तशी गावची गुरं पलीकडे, पोडाच्या काठावर पाण्याला उतरू लागली. तो काठ खुरांनी आणखी गुळगुळीत झाला.

त्याच आठवड्यात मायाने एक गोष्ट केली. ती करायला नको होती, हे तिला करतानाही कळत होतं. तिने बापाची नोंद यंत्रात भरली. जुन्या घटना अभ्यासासाठी भरता येत. वय सदतीस, गोंड, वनमजूर, मांडीचं हाड मोडलेलं, रक्तस्राव, सहा तास. पाच मिनिटांत आकडा आला: अकरा.

संध्याकाळी जेवताना तिने आईला सांगितलं. आई भाकरी मोडता मोडता थांबली.

"अकरा म्हंजे कमी ना?"

"फार कमी. म्हणजे अटळ. तू म्हणायचीस तेच. वेळ आली होती." मायाच्या बोलण्यात कडवटपणा होता, तिला वाटलं, आई आता 'मी म्हनलं होतं ना' म्हणेल.

आई म्हणाली, "ते मी खोटं सांगत होतो."

"काय?"

"तुले सांगत होतो. तू लहान होती. रोज विचारे, बाबा काऊन मेला, काऊन मेला. ट्रकवाल्यानं गाडी दिली असती तं तो जगला असता, हे सांगून तुले जगता आलं असतं का? म्हनून म्हनलं, येळ आली. मले तं ठाऊक होतं." तिने ताट बाजूला सारलं. "आता तुही मशीनबी तेच म्हंते काय? तिले कोनाचं रडू थांबवायचं आहे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, कार्यालयातली माणसं जेवायला गेलेली असताना, मायाने रोशनीची नोंद फेरपडताळणीसाठी उघडली. तो अधिकार पडताळणी अधिकाऱ्याला पंचेचाळीस दिवस असतो. वस्तीच्या माहितीत एक ओळ होती: 'तातडी पथक, सावरपोड: प्रस्तावित.' चार वर्षं ती तशीच होती. एक आरोग्यसेविका, दोन शिकवलेले जीवरक्षक, एक चारचाकी. सगळं मंजूर, सगळं कागदावर. शेजारी निवडीसाठी तीन शब्द होते: नाही, प्रस्तावित, कार्यरत.

तिने 'कार्यरत' निवडलं. पथक पोचायला लागणारा वेळ: बारा मिनिटं.

आपण फार मोठं खोटं बोलत नाही आहोत, असं तिने स्वतःला समजावलं. जे असायला हवं होतं ते आहे असं लिहितो आहोत. यंत्र एवढंच तर पाहतं. मग त्याला एकदा तरी पोडावरच्या मुलीची चांगली जुळी पाहू दे.

टाळांक अठ्ठ्याहत्तर आला.

फेब्रुवारीत पोडाच्या बाजूला काम सुरू झालं. जंगू आणि पोडातले दहाजण तिथेच मजुरीला होते. जाळी, पायऱ्या, दोर, सगळं गावासारखंच. पाटीवर रोशनी टेकाम हे नाव आलं. भीमबाईला ते वाचता येत नव्हतं. शाळेतली मुलं तिला बोट ठेवून ठेवून वाचून दाखवत. माया पाहायला गेली तेव्हा भीमबाईने तिच्या हातात मधाची बाटली ठेवली. "काळमेघाची बाई येऊन गेली," ती म्हणाली. "पाटीवर हात फिरवला अन् गेली. बोलली नाई काई."

माया आनंदात परतली. असा आनंद तिला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

जिल्ह्याच्या दुसऱ्या एका यंत्रणेत मात्र त्या एका शब्दाचं काम शांतपणे चालू होतं. तातडी पथकांची प्रतीक्षायादी टाळयंत्राच्या नोंदींवरून आपोआप अद्ययावत होई. सावरपोडाचं पथक 'कार्यरत' दिसल्याबरोबर तो प्रस्ताव 'पूर्ण' म्हणून बंद झाला होता. त्याची गाडी दुसऱ्या तालुक्यात गेली. ही यादी मायाच्या टेबलावर येत नसे.

मे महिन्यात जंगू मध काढायला बेहड्याच्या झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. सकाळचे साडेआठ झाले होते. त्याचं कंबरडं मोडलं होतं. बाहेर रक्त फारसं नव्हतं, पोट मात्र फुगत चाललं होतं. भीमबाईने तातडी सेवेला फोन लावला. पलीकडून यंत्राचा गोड आवाज आला: "तुमच्या वस्तीत तातडी पथक कार्यरत आहे. कृपया पथकाशी संपर्क साधा."

"इथं कोनी नाई जी," ती म्हणाली. "पथक नाई इथं."

"तुमच्या वस्तीत तातडी पथक कार्यरत आहे."

तिने चारदा लावला. चौथ्या वेळी फोन आपणहून बंद झाला. मग बाजेला बांबू बांधून पोडातल्या माणसांनी जंगूला उचललं आणि डांबरी रस्त्याकडे पळत निघाली. सव्वाअकराला, रस्ता दिसायच्या आधी, तो गेला.

नोंद मायाकडेच आली. तिने नाव वाचलं. तिने जे होतं ते भरलं: झाड, उंची, वेळ, फोन. वस्तीची माहिती यंत्राने स्वतःच जुन्या नोंदीतून उचलली.

टाळांक: एक्याण्णव. जिल्ह्यात त्या वर्षातला सर्वांत मोठा. आणि खाली कारण: 'बारा मिनिटांच्या अंतरावर पथक उपलब्ध असूनही नातेवाइकांनी सेवा वापरली नाही.'

असं कारण आलं की पोलिसांकडे प्रत जाते. माया पोडावर पोचण्याआधी एक हवालदार येऊन गेला होता. त्याने भीमबाईला दोन तास बसवून विचारलं होतं, की नवऱ्याशी भांडण होतं का, दारू पीत होता का, पथकाला हाक का मारली नाही.

भीमबाई त्याच अंगणात बसली होती. कामट्या तशाच पडल्या होत्या. "मॅडम, तुमी तं शिकल्या," ती म्हणाली. "हे पथक कोठी आहे ते मले दाखवा. मी जाऊन पाहतो. साऱ्याईले दिसते, मलेच काऊन दिसत नाई?"

माया जमिनीवर तिच्यासमोर बसली. "पथक नाही, भीमबाई. कधीच नव्हतं. ते मी लिहिलं होतं."

तिने सगळं सांगितलं. तेवीस, अठ्ठ्याहत्तर, 'प्रस्तावित' आणि 'कार्यरत', आणि येण्याआधी मागवून पाहिलेल्या यादीत दुसऱ्या तालुक्यात गेलेली पथकाची गाडी. पोडातल्या बाया भोवती जमल्या होत्या.

"त्या पायऱ्या तुमी आनल्या?" भीमबाईने विचारलं.

"हो."

"रोशनीसाठी?"

"हो."

"अन् पथक यायचं होतं, तेबी तुमच्याच हातानं गेलं."

"हो," माया म्हणाली. मग तिने सांगितलं की ती आता लेखी कबुली देणार आहे. नोंद दुरुस्त होईल. पोलीस पुन्हा येणार नाहीत. "पण दुरुस्त केल्यावर आकडा खाली येईल," ती म्हणाली. "चौदा-पंधरा. मग ते अटळ लिहितील."

भीमबाईने एक कामटी उचलली आणि परत खाली ठेवली.

"म्हंजे एक आकडा लिवला तं मी मारला," ती म्हणाली. "दुसरा लिवला तं देवानं मारला. मधात कोनीच नाई का जी?"

भीमबाईने मायाला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती उठून आत गेली आणि ताटीचं दार लोटून घेतलं.

कबुलीचं पत्र गेलं त्या दिवशी पांढरीपांडे सरांचा फोन आला. "मला विचारायचं होतंस," ते म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता.

"विचारलं होतं, सर."

"तुझ्या सगळ्या नोंदी आता संशयात येतील. दोनशे बारा. ज्यांनी खरोखर माणसं वाचवली त्याही."

"माहीत आहे."

"मग काय मिळवलंस?"

"सर, एकदा सावरपोडाला जाऊन या," ती म्हणाली. "यंत्राशिवाय."

ते गेले की नाही, हे तिला कधी कळलं नाही. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

माया निलंबित झाली. तिच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने, नियमाप्रमाणे, दोन्ही नोंदी दुरुस्त केल्या. रोशनी पुन्हा तेवीसवर आली. बांधलेल्या पायऱ्या उखडता येईनात म्हणून त्या 'अतिरिक्त बांधकाम' ठरल्या. त्यांच्या देखभालीची जबाबदारी कोणत्याच खात्यावर राहिली नाही. पथकाचा बंद झालेला प्रस्ताव आपोआप उघडत नव्हता. सावरपोडाला नव्याने अर्ज करावा लागला आणि तो यादीत सर्वांत खाली लागला. जंगू टेकामचा टाळांक एक्याण्णववरून चौदावर आला. नवं प्रमाणपत्र टपालाने गेलं.

वर्षअखेरीस अहवाल निघाला. जिल्ह्यातले टाळता येण्याजोगे मृत्यू त्या वर्षी दोनाने कमी झाल्याची नोंद त्यात आहे.